बाटलीशिवायचं जेवण

केचप कशावर घालावं आणि कशावर घालू नये, यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्यांच्या घरात घराच्या वाटणीवरूनही होत नसतील.

माझं मत स्पष्ट आहे. तळलेल्या बटाट्यांबरोबर केचप हवंच, त्यात वाद नाही. ऑम्लेटबरोबर चालतं, पण वर ओतायचं नाही. ताटाच्या कडेला घ्यायचं आणि घास बुडवून खायचा. उकडलेल्या अंड्याला केचप लावणं म्हणजे त्या अंड्याचा अपमान. आणि माशावर केचप घालणाऱ्या माणसाशी मी फार वेळ बोलत नाही. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, यातलं काहीएक मान्य नाही. तो भातावर केचप घालतो, सुपात घालतो, आणि एकदा त्याने ते काकडीवर घातलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा "मला नाही बाई आवडत" म्हणत नाक मुरडायची. आता ती पावाला लोणी लावते आणि लोण्यावर केचप. त्यांची मुलगी दिवसभर काहीतरी कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. ती तर बाटलीच्या तोंडाला बोट लावून नुसतंच चाटते. त्या पोरीचं निदान सोंग तरी नाही.

बाबा मात्र घरी केचपला शिवतही नसत. आणि आमचं सगळ्यांचं पोट तर त्या केचपवरच चालत होतं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर केचपचा कारखाना होता आणि बाबा तिथे चव बघायच्या कामाला होते.

हे सांगितलं की लोक हसायचे. "काय मजा आहे बुवा, दिवसभर चाटायचं आणि पगार घ्यायचा!" मजा कसली डोंबलाची. पांढऱ्या फरशांची एक खोली, तिच्यात खिडकी नाही. समोर कागदी पेल्यांची रांग. प्रत्येक पेल्यातून एक चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, जिभेवर घोळवायचा, शेजारच्या स्टीलच्या बेसिनमध्ये थुंकायचा, चूळ भरायची आणि सांगायचं. मीठ वर. आंबट खाली. गोड बरोबर. बॅच पास, नाहीतर बॅच नापास. गिळायचं कधीच नाही. गिळलं की जीभ लाडावते, असं बाबा म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी ते एकदा मला ती खोली दाखवायला घेऊन गेले होते. मला ती दवाखान्यासारखी वाटली आणि मी घरी जायचं म्हणून भोकाड पसरलं.

तर अशी बाबांची जीभ. ती आमच्या घरात कुणा मोठ्या पाहुण्यासारखी राहायची आणि सगळं घर तिच्या तैनातीत असायचं. तिला चटका बसायला नको म्हणून चहा कोमट. तिला झिणझिण्या यायला नकोत म्हणून मिरी नाही, मिरची नाही, लसूण तर दारातूनच परत. कच्चा कांदा आम्ही शेजाऱ्यांकडे खायचो. मीठसुद्धा नावाला, कारण रात्री मीठ चढलेल्या जिभेला सकाळी केचपमधलं मीठ कळत नाही. आई सगळं मिळमिळीत करायची. वाटाणे उकडलेले, बटाटे उकडलेले, कोंबडी उकडलेली. दादा म्हणायचा, "आपल्या घरात फक्त भांडणंच तेवढी तिखट असतात."

बाबांनी ते निमूट खावं आणि उठावं. आम्ही पोरं काय करणार? कारखान्यातून वाकड्या लेबलांच्या बाटल्या कामगारांना घरी नेऊ द्यायचे. आमच्या कपाटात त्या वाकड्या बाटल्यांची पलटण उभी असायची. जेवायला बसलं की पहिला हात बाटलीकडे. आई वाढायची आणि आम्ही तिच्या स्वयंपाकावर लाल चिखल करायचो. मग त्या चिखलावरून कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे वाद. कडेला की वर, ढवळून की तसंच, भातावर चालतं की नाही.

या वादात आईने कधी तोंड घातलं नाही. ती आमच्याबरोबरच बसायची, तेच मिळमिळीत जेवायची, पण तिच्या ताटात केचपचा थेंब कधी पडला नाही. मी विचारलं होतं, तुला आवडत नाही का गं? ती म्हणाली, "मी केलेलं मी तरी तसंच खाते." तेव्हा ते उत्तर मला कळलं नाही. मी बटाटा बुडवण्यात गर्क होते.

कळलं ते मावशीमुळे, आणि ते पुष्कळ उशिरा. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जिभेला हाड नसलेली, पण मनाने सोन्यासारखी. एकदा आमच्याकडे जेवताना तिने उकडलेला वाटाणा काट्याने इकडून तिकडे ढकलला आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला काय चव होती, तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही. आमच्या घरी ती मासा करायची ना, तेव्हा आम्ही भावंडं कढईत पाव पुसून घ्यायला भांडायचो."

मी म्हटलं, "मग ती चव गेली कुठे?"

"तुझ्या बापाच्या जिभेवरून ओवाळून टाकली," मावशी म्हणाली. आई भांडी आवरत होती. तिने ऐकलं, पण मागे वळून पाहिलं नाही.

माशाची गोष्ट मग आईनेच सांगितली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने पहिल्यांदा या घरात मासा केला होता. लोण्यात लसूण परतून, वरून लिंबू आणि भरपूर मिरी. बाबांनी दोनदा मागून घेतला होता. "असा मासा मी जन्मात खाल्ला नाही," असं म्हणाले होते. ती रात्र आईने जन्मभर मनात जपून ठेवली होती. ते वाक्य सांगताना साठीकडे झुकलेल्या या बाईच्या गालाला खळी पडली.

पण दुसऱ्या दिवशी बाबांनी एक खारट बॅच पास केली. माल दुकानांपर्यंत पोचला आणि सगळाच्या सगळा परत आला. साहेबांनी बाबांना उभं केलं आणि विचारलं, ती बॅच पास केलीस त्याच्या आदल्या रात्री काय खाल्लं होतंस? बाबा म्हणाले, बायकोने लसणातला मासा केला होता. झालं. साहेबांनी बजावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर नोकरी राहणार नाही. बाबा घरी आले, आईला सगळं सांगितलं, आणि आईने त्याच संध्याकाळी घरातला लसूण मावशीकडे पोचवला.

"माझ्यामुळे त्यांची नोकरी जायची वेळ आली होती गं," ती मला म्हणाली. "तेव्हाच ठरवलं, यांची जीभ सांभाळायची. रिटायर झाले की करीन काय करायचं ते."

म्हणजे माझी आई उभं आयुष्य एका जेवणाची वाट बघत होती. आम्ही बटाट्याच्या कडेला की वर यावरून डोकी फोडत होतो, आणि ही मनातल्या मनात मासा परतत होती. याचं मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, दोन वेगळी भांडी करायची होतीस, आमच्यासाठी वेगळं. ती म्हणाली, परतलेल्या लसणाचा वास पडद्यांतसुद्धा राहतो, यांच्या नाकातून निघेल का? तिने सगळा विचार करून ठेवलेला होता.

यथावकाश बाबा रिटायर झाले. कारखान्यात छोटा समारंभ झाला, हार नाही की भाषण नाही, नुसता केक. साहेबांनी बाबांना केचपचं एक खोकं भेट दिलं. या बाटल्यांची लेबलं सरळ होती. दादाने त्यावरून पुष्कळ टवाळी केली की आता आमच्या घराला प्रतिष्ठा आली.

आईने ते खोकं उघडलंसुद्धा नाही. तिने ते पलंगाखाली सरकवलं आणि जाहीर केलं, "रविवारी सगळे जेवायला या. मावशीलाही सांगितलंय. मी मासा करणार आहे. आणि त्या दिवशी टेबलावर बाटली दिसली तर याद राखा."

"भातावर सुद्धा नाही?" दादाने विचारलं.

"तू घरून खाऊन ये," आई म्हणाली. असं ठणकावून बोललेली आई मी फार वर्षांनी पाहत होते.

रविवारी मी सकाळीच पोचले. स्वयंपाकघरात मिरी कुटल्याचा वास होता आणि आईने नवा ॲप्रन घातला होता. मासा धुऊन, पुसून, ताटात मांडून ठेवलेला. बटाटे सालासकट भाजायला ठेवलेले. लसूण सोलताना तिची बोटं इतकी भराभर चालत होती की मी बघतच राहिले. मग तिने लोणी वितळवलं, लसूण टाकला, लिंबू पिळलं, मीठ घातलं आणि चमचा तोंडाला लावला. थांबली. पुन्हा मीठ घातलं, पुन्हा चमचा. पुन्हा थांबली. तेवढ्यात लसणाच्या कडा काळपट झाल्या आणि तिने घाईघाईने कढई खाली उतरवली.

"जरा बघ गं," तिने चमचा माझ्यापुढे धरला.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. ही काच बरी की ही, असं विचारण्यात माझा दिवस जातो, पण ते डोळ्यांचं. मी चाखलं. मला मीठ जास्त वाटलं आणि मी तसं म्हटलंही. लगेच पुढे म्हटलं, "पण आई, माझं काय धरतेस? मी केचपवर वाढलेली मुलगी. मला साधं मीठसुद्धा जास्तच वाटणार."

"तेही खरंच," ती हसली आणि तिने जरासं लिंबू पिळलं. "त्यांनाच कळेल बरोबर. पहिला घास त्यांना द्यायचा."

आणि इथेच आम्ही सगळ्यांनी मिळून घोळ घातला. दुसऱ्या कुठल्याही घरात ताटं वाढली असती आणि माणसं जेवायला लागली असती. पण आमचं घर पडलं चव बघणाऱ्याचं. आईने एका छोट्या वाटीत माशाचा तुकडा आणि वरचं लोणी घेतलं. शेजारी चमचा ठेवला. पाण्याचा पेला ठेवला. एक रिकामी वाटीही ठेवली, काटे काढून टाकायला. मावशी म्हणाली, "तुमच्या जिभेने हो म्हटलं की आम्ही सुटलो." दादाने कमरेत वाकून म्हटलं, "साहेब, बॅच तयार आहे." सगळे हसलो. बाबाही हसले आणि खुर्चीत ताठ बसले. आई ॲप्रनला हात पुसत त्यांच्या समोर उभी राहिली.

बाबांनी चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले, जिभेवर घोळवला.

मग ते रिकाम्या वाटीकडे वाकले आणि थुंकले. पाण्याची चूळ भरली, तीही वाटीत टाकली. डोळे अजून मिटलेलेच होते.

"मीठ वर," ते म्हणाले. "आंबट खाली. लसूण करपलाय."

वहिनीने हात तोंडावर ठेवला. खारूताई तेवढी मोठ्या उत्साहाने म्हणाली, "आजोबा, पास की नापास?"

तेव्हा बाबांनी डोळे उघडले. त्यांना आधी आई दिसली, मग वाटी दिसली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "अगं," ते म्हणाले, "अगं, ही सवय... मी मुद्दाम नाही..."

आई आत गेली. पलंगाखालून खोकं ओढल्याचा आवाज आला. ती एक सरळ लेबलाची बाटली घेऊन बाहेर आली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"घ्या रे," ती आम्हाला म्हणाली. "खारट झालंय."

दादाने दोन्ही हात मांडीखाली घातले. भातावर, सुपात, काकडीवर केचप घालणारा माझा भाऊ त्या दिवशी बाटलीकडे बघायलाही तयार नव्हता. त्याने माशाचा मोठा तुकडा ताटात घेतला, तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने "मस्त झालाय" म्हणाला. आम्ही सगळ्यांनीच ताटं वाढून घेतली. मावशी तर बटाटा लोण्यात पुसून खाऊ लागली. पण आमचं कौतुक आईला नकोच होतं. ते तिला पूर्वीही फुकट मिळालं असतं.

"अगं, बस ना," बाबा म्हणाले. "मी खातो. बघ, हा घेतला."

"नको, तुम्ही बरोबरच सांगितलंत," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुमची जीभ एकदाच चुकली आयुष्यात, आणि तीही माझ्या माशापायी. आता मासा चुकला, जीभ नाही. फिट्टंफाट झाली."

बाबांनी काटा खाली ठेवला.

"माशापायी नव्हती चुकली," ते म्हणाले.

"काय?"

"मला सर्दी झाली होती. आदल्या दिवसापासून नाक बंद. सर्दी झाली तर रजा घ्यायची, असा कारखान्याचा नियम होता. चव बघणाऱ्याने तसं कामाला बसायचंच नाही. मी बसलो. नवी नोकरी, रजा मागायची भीती वाटली. साहेबांनी रात्री काय खाल्लं ते विचारलं, तर मी लसणाचं नाव घेतलं. सर्दीचं सांगितलं असतं तर तिथल्या तिथे घरी बसवलं असतं."

"बरं, साहेबांना नाही सांगितलंत," आई म्हणाली. "मला?"

"सांगणार होतो. तू त्याच संध्याकाळी लसूण देऊन आलीस. मग म्हटलं, काही दिवसांनी सांगू. मग तू कधी विषयच काढला नाहीस. आणि मिळमिळीत खाऊन काम बरं व्हायचं, ते खोटं नाही. नंतर सांगायला तोंड राहिलं नाही."

मावशीने हातातला बटाटा ताटात आपटला. ती काहीतरी भयंकर बोलणार होती, पण आईने हात वर करून तिला थांबवलं. आईला वेगळंच काही विचारायचं होतं. मला वाटलं होतं की ती एवढ्या वर्षांच्या मिळमिळीत जेवणाचं विचारील, आमच्या लाल चिखलाचं विचारील. ते तिने विचारलं नाही.

"नाक बंद होतं?" ती म्हणाली.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग तो मासा?"

बाबांनी मान खाली घातली.

"दोनदा मागून घेतलात. असा मासा जन्मात खाल्ला नाही म्हणालात."

"तू एवढं मनापासून केलं होतंस," बाबा म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. काहीच लागत नव्हतं मला. गरम आहे एवढंच कळत होतं."

आईने मान हलवली, एखादा पत्ता नीट समजला अशी. मग तिने माशाच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "बटाटे गार होतायत, खाऊन घ्या." तिने सगळ्यांना बटाटे वाढले, बाबांनाही वाढले. स्वतः मात्र ती जेवली नाही, पोट भरलंय म्हणाली. मावशी जाताना बाबांकडे न बघता गेली.

त्यानंतर घरात आरडाओरडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं. आईने अबोलासुद्धा धरला नाही. ती बोलायची, हसायची, टीव्ही बघायची आणि पूर्वीसारखाच उकडून काढलेला स्वयंपाक करायची. लसूण टोपलीत वाळून गेला. बाबा रोज जेवताना "आज छान झालंय हं" म्हणायचे. ती विचारायची, "पास ना?" आणि भांडी उचलायची. बाबा ताट तसंच सोडून उठायचे. ते मला फोन करून सांगायचे. "तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या," ते म्हणायचे. "मी सगळ्या घरादाराची चव मारली आणि ती मला पास-नापास विचारते." मी त्यांची समजूत काढली नाही. काय काढणार? ते खरंच होतं. पण फोन ठेवल्यावर मला त्यांचीही दया यायची, आणि त्या दयेचा रागही यायचा.

त्यांनी आईला पुष्कळ विनवलं. पुन्हा एकदा कर, मी सगळं ताट चाटूनपुसून खातो. आई म्हणायची, "तुम्ही आता काहीही म्हणालात तरी मला ते खरं कसं वाटेल?"

मग एका रविवारी बाबांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तर स्वयंपाकघरात बाबा, अंगात आईचा ॲप्रन. आईला त्यांनी बाहेर खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. ती पेपर वाचत होती, निदान तसं दाखवत होती.

बाबांना चहाखेरीज काही करता येत नव्हतं. पण जीभ तर होती. त्यांनी लोण्यात लसूण परतला, सोनेरी झाला तसा उतरवला. मिठाची चिमूट टाकली आणि चमचा जिभेवर ठेवला. अर्धी चिमूट आणखी. लिंबाचे थेंब. पुन्हा चमचा. या खेपेला प्रत्येक चमचा ते गिळत होते, मी लक्ष ठेवून होते. शेवटी त्यांनी माझ्यापुढे चमचा धरला. केचपवर वाढलेल्या माझ्यासारखीलाही कळलं की यात आता कशाचीही कमी नाही आणि काहीही जास्त नाही. मावशी ज्या माशासाठी कढई पुसायची तो असाच असणार, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"झालाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"झालाय, बाबा."

त्यांनी ताट वाढलं. लिंबाची फोड कडेला ठेवली. आईच्या पुढे ताट ठेवून ते समोर बसले, तिच्या तोंडाकडे बघत, जशी ती त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

आईने घास घेतला. सावकाश चावला, गिळला. दुसरा घेतला. मला वाटलं, आता ती म्हणेल, छान झालाय. नाहीतर सूड उगवायचा म्हणून तरी म्हणेल, मीठ वर, आंबट खाली. तिने तिसरा घास तोंडात धरून ठेवला, डोळे मिटले आणि काहीतरी शोधत राहिली. मग डोळे उघडले.

"चांगलाच झाला असेल," ती म्हणाली. "तुम्ही मनापासून केलाय."

"असेल म्हणजे?"

"मला नाही हो कळत आता," आई म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "त्या दिवशीही कळत नव्हतं. मीठ घालत होते आणि लागतच नव्हतं. म्हटलं, सवय गेलीय, येईल परत. नाही आली. चव कधी गेली कोण जाणे. गरम आहे एवढं कळतंय."

बाबांनी लिंबाची फोड उचलली आणि तशीच परत ठेवली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, डॉक्टरांना दाखवू, असं काहीतरी.

आई उठली, कपाटाकडे गेली आणि बाटली घेऊन आली. वाकड्या लेबलाची, जुन्यातली. तिला झाकण उघडायला जरा वेळ लागला, कारण ती कधीच उघडत नसे. मग तिने बाटली उलटी धरली आणि माशावर केचप ओतलं. कडेला नाही, वर. एक घास खाल्ला.

"हे थोडं लागतं," ती म्हणाली, आणि जेवू लागली.

बाबा तिला शेवटच्या घासापर्यंत बघत राहिले. तिने पुन्हा हात पुढे केला तेव्हा बाटली दूर होती, म्हणून त्यांनी ती उचलली आणि तिच्या हाताशी ठेवली.